आधी रिकामी डिस्क

कॅबिनेटचा डाव्या बाजूचा पत्रा काका मागे ओढतात आणि आतली धूळ सतरंजीवर सांडते. "पंखा बंद करा आधी," ते म्हणतात. ताई उठून बटण दाबतात. आषाढातली दमट दुपार खोलीत एकदम जाणवायला लागते. खालून केळकर रस्त्यावरच्या हॉर्नचे आवाज येत राहतात. काका खिशातून रंगकामाचा एक जुना ब्रश काढतात आणि कसलीही घाई न करता मदरबोर्डवरची धूळ झाडायला लागतात. सीपीयूच्या पंख्याच्या पात्यांवर राखाडी बुरशीसारखा थर आहे. तो ते बोटाने पातं धरून एकेक करून पुसतात.

पुण्यातल्या नारायण पेठेतली ही ताईंची खोली म्हणजे एके काळचं डीटीपी केंद्र. लग्नपत्रिकांपासून शाळांच्या स्मरणिकांपर्यंत आणि दिवाळी अंकांपासून प्रबंधांपर्यंत पुष्कळ मजकूर याच टेबलावर जुळला. आता ताई लॅपटॉपवर काम करतात, तेही जमेल तेवढंच. जुनं मशीन माळ्यावर होतं. ते खाली उतरवायचं कारण समोर खुर्चीवर बसलं आहे. गुरुजींची मुलगी, स्वतः शाळेत शिकवणारी, मांडीवर एक स्टीलचा डबा घट्ट धरून बसली आहे. डब्यात सात झिप डिस्क आहेत.

गुरुजींनी नोकरीची सगळी वर्षं माणदेशातल्या गावोगाव काढली. त्या वर्षांत त्यांनी शेतीच्या अवजारांचे, त्यांच्या एकेका भागाचे, त्या भागांनी होणाऱ्या कामांचे शब्द गोळा केले. ताईंनी ते टाइप केले, गुरुजींनी प्रुफं तपासली, आणि पुस्तक छापायच्या आत गुरुजी गेले. हस्तलिखिताच्या वह्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. उरलं ते या डब्यात. पुस्तक आता छापायचं आहे आणि संपादनाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मीही इथे सतरंजीवर बसून बघतो आहे.

"डिस्क द्या ना, घालून बघू चालतंय का," मुलगी म्हणते.

काका ब्रश थांबवतात. "मॅडम, डबा बंदच ठेवा. आज तो सगळ्यात शेवटी उघडायचा."

काकांनी संगणक जोडायला सुरुवात केली ती पेंटियमच्याही आधी. बोलतात कमी, पण हातातलं काम कुणी विचारलं तर नीट समजावून सांगतात. मशीनची हार्ड डिस्क त्यांनी परवाच दुकानात नेऊन तिची पूर्ण प्रत काढून ठेवली आहे. ताईंचे फॉन्ट, पानं लावायचं पेजमेकर, सगळं तिच्यावर आहे. मूळ हार्ड डिस्क आज परत जागेवर बसली आहे, पण आता ती गेली तरी काही बुडणार नाही. या एका गोष्टीनेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, फ्लॉपीच्या खाली, गडद निळसर रंगाच्या झडपेचा झिप ड्राइव्ह आहे. ज्यांनी तो वापरला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. फ्लॉपीवर मावायचे १.४४ एमबी. चित्रांसह एखादा अंक लावला की फाइल फ्लॉपीत बसायची नाही आणि फिल्म काढायला तर ती प्रोसेसिंगवाल्याकडे न्यावीच लागायची. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या रॉय या गावच्या आयोमेगा कंपनीने १९९५ मध्ये झिप ड्राइव्ह बाजारात आणला. फ्लॉपीपेक्षा किंचित मोठी आणि जाड अशी डिस्क, तिच्यात १०० एमबी. म्हणजे जवळपास सत्तर फ्लॉप्या एका डिस्कमध्ये. सीडी लिहिणारे ड्राइव्ह स्वस्त होईपर्यंतच्या काळात डीटीपीवाल्यांना ही मोठीच सोय होती. बाहेरून जोडायचा झिप ड्राइव्ह प्रिंटरच्या पोर्टला लागायचा. पण ताईंच्या त्या पोर्टवर मराठी सॉफ्टवेअर ज्याच्याशिवाय चालत नाही ते डोंगल आणि त्याच्या मागे प्रिंटर, असे दोघे आधीच बसलेले. तिसऱ्याला जागा दिली की कुणीतरी अडायचंच. म्हणून ताईंनी कॅबिनेटच्या आत बसणारा ड्राइव्ह घेतला, आयडीईच्या पट्ट्यावर चालणारा.

"आणि तोच एक दिवस दिसेनासा झाला," ताई सांगतात. "सीडी पण. मशीन इतकं हळू चालायला लागलं की पान उलटायला चहा पिऊन यावं. मग मी नवीन घेतलं."

काका मान वर करतात. "सीडी आणि झिप एकाच दिवशी?"

"एकाच दिवशी."

काका काही बोलत नाहीत, पण ही गोष्ट त्यांनी मनात नोंदवली आहे हे दिसतं.

मशीन अजून चालू करायचं नाही. आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा. मदरबोर्डमध्ये खोचलेला वीस पिनांचा कनेक्टर ते काढतात, तांब्याच्या तारेचा एक तुकडा हिरव्या आणि काळ्या तारेच्या भोकांत घालतात आणि मग स्विच दाबतात. मदरबोर्डशिवायच एसएमपीएसचा पंखा फिरायला लागतो. एका निकामी हार्ड डिस्कचा भार त्याला आधीच जोडलेला आहे. ड्राइव्हला जाणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये ते मल्टिमीटरच्या सुया घालतात. लाल आणि काळ्यात ५.०६. पिवळ्या आणि काळ्यात ११.९.

"पाचाच्या तारेवर पाच टक्के इकडंतिकडं चालतं," ते मला सांगतात. "पावणेपाच ते सव्वापाच. त्याच्या खाली आलं की ड्राइव्ह अर्धवट चालतो, आणि अर्धवट चाललेला ड्राइव्ह बंद पडलेल्यापेक्षा वाईट."

सुया तशाच ठेवून ते थोडा वेळ आकड्याकडे बघत बसतात. आकडा हलत नाही. मग टॉर्च घेऊन मदरबोर्डवरचे कपॅसिटर एकेक बघतात. कुठला फुगलाय का, कुणाच्या बुडाशी तपकिरी डाग आहे का. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं शाळेतल्या खोडरबराने पुसतात. बोर्डावरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल काढून नवा बसवतात. ही सगळी कामं दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात रोज दिसतात आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण आज ती त्याच क्रमाने होताना बघणं मला महत्त्वाचं वाटतं. विजेपासून सुरुवात, मग बोर्ड, मग पट्टा, मग ड्राइव्ह, मग विंडोज आणि सगळ्यात शेवटी डिस्क. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही ती रांगेत शेवटी.

मशीन चालू होतं. एकच छोटी बीप. ताई नकळत हात जोडतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात, सीमॉस चेकसमची तक्रार येते. सेल बदलल्यावर ती यायचीच. काका डिलीटची कळ दाबून बायॉसमध्ये शिरतात, आजची तारीख घालतात आणि आयडीई उपकरणं शोधायला लावतात. प्रायमरी मास्टर: सीगेटची हार्ड डिस्क, नावासकट. प्रायमरी स्लेव्ह: काही नाही. सेकंडरी मास्टर: काही नाही. सेकंडरी स्लेव्ह: काही नाही.

"ड्राइव्ह गेलाय," मुलगी हळूच म्हणते.

"नाही," काका म्हणतात. "सीडी सेकंडरी मास्टर आहे, झिप सेकंडरी स्लेव्ह. दोघांची कंपनी वेगळी, काम वेगळं, वय वेगळं. दोघं एकाच दिवशी मरत नाहीत मॅडम. त्या दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं."

मशीन बंद करून, प्लग काढून, ते दोन्ही ड्राइव्हच्या मागे टॉर्च मारतात. जंपर जागेवर आहेत. सीडीचा मास्टरवर, झिपचा स्लेव्हवर. सामाईक आहे तो चाळीस तारांचा करडा पट्टा, एका कडेला लाल रेघ असलेला. काका तो बोर्डातून उपटून उजेडात धरतात. मधल्या कनेक्टरपाशी पट्टा कधीतरी दुमडून कॅबिनेटच्या पत्र्याखाली दाबला गेला आहे. दुमडीवर प्लॅस्टिक पांढरं पडलंय. नखाने ते जरा उकलून दाखवतात. आतली केसाएवढी तांब्याची तार तुटून दोन टोकं वेगळी झाली आहेत. चाळीस तारांपैकी ही एकच, पण तिच्यामुळे दोन ड्राइव्ह इतकी वर्षं मेलेले समजले गेले.

पिशवीतून दुसरा पट्टा निघतो. तपकीर गल्लीत अजून असे पट्टे शोधले तर मिळतात, पण शोधावे लागतात, असं काका सांगतात. लाल रेघ बोर्डावरच्या एक नंबरच्या पिनेकडे आणि ड्राइव्हवर विजेच्या सॉकेटच्या बाजूला. बहुतेक ड्राइव्हवर तशीच येते. "बहुतेक म्हटलं तरी छापलेलं वाचून घ्यायचं," असं म्हणत ते ड्राइव्हच्या मागे कोरलेला बारीक आकडा बघून खात्री करतात.

पुन्हा बायॉस. सेकंडरी मास्टरपुढे सीडीचं नाव येतं. खालच्या ओळीवर क्षणभर काहीच नाही, आणि मग: आयोमेगा झिप १०० एटापी.

ताई टाळी वाजवतात. मुलगी डब्याच्या झाकणाला हात घालते. काका फक्त एक बोट वर करतात.

विंडोज ९८ सुरू व्हायला फार वेळ घेतं. निळे ढग येतात, स्कॅनडिस्क चालतो. शेवटी ताईंचा जुना पडदा दिसतो, गणपतीच्या चित्राचा. माय कॉम्प्युटर उघडतात. सी आहे, डी आहे. सीडी नाही. झिपही नाही.

बायॉसला जो ड्राइव्ह दिसतो तो विंडोजला दिसत नाही. इथे बहुतेक जण ड्राइव्हला दोष देऊन मोकळे होतील. काका कंट्रोल पॅनलमधून सिस्टिम उघडतात. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत दोन्ही आयडीई कंट्रोलरपुढे पिवळी उद्गारचिन्हं आहेत. परफॉर्मन्सच्या पानावर ओळ आहे, ड्राइव्ह एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये चालत असल्याची.

"म्हणून हळू चालत होतं तुमचं मशीन," ते ताईंना म्हणतात.

मग ते जे सांगतात ते मी जसंच्या तसं लिहून घेतो, कारण ते इतकं नेमकं आहे. विंडोज ९८ सुरू होताना स्वतःचा आयडीई ड्रायव्हर चालू करून बघतं. एखाद्या वेळी तो चालू करताना अडलं, तर विंडोज रजिस्ट्रीमध्ये 'नोआयडीई' नावाची एक खूण करून ठेवतं. पुढच्या वेळी ती खूण दिसली की त्या ड्रायव्हरच्या वाटेलाच जायचं नाही. हार्ड डिस्क मग डॉसच्या जुन्या, संथ पद्धतीने चालते आणि सीडी-झिप दिसतच नाहीत. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी ही खूण आपोआप पुसली जात नाही. पट्टा तुटला त्या दिवशी ती पडली. आज पट्टा नवा आला, पण खूण तिथेच आहे.

रेजएडिट उघडून काका आधी पूर्ण रजिस्ट्रीची प्रत एका फाइलमध्ये काढतात. मग एकेक शाखा उघडत खाली उतरतात: लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, व्हीएक्सडी, आयओएस. उजव्या बाजूला ते नाव आहे. ते तेवढंच पुसून मशीन पुन्हा चालू करतात.

या वेळी गणपतीचं चित्र लवकर येतं. नवं उपकरण सापडल्याच्या खिडक्या एकामागून एक उघडतात आणि मिटतात. माय कॉम्प्युटरमध्ये सीडी आली आहे आणि तिच्या शेजारी रिमूव्हेबल डिस्क, अक्षर ई.

"आता तरी?" मुलगी विचारते.

"आता रिकामी," काका म्हणतात आणि स्वतःच्या पिशवीतून एक झिप डिस्क काढतात. तिच्यावर स्केचपेनने फुली मारलेली आहे. ही गेली तरी कुणाचं काही जाणार नाही.

झिपच्या बाबतीत हे पथ्य का पाळायचं, तेही त्यांच्या तोंडूनच ऐकण्यासारखं आहे. झिप डिस्कचं प्लॅस्टिकचं कवच कडक असलं तरी आतली चकती फ्लॉपीसारखीच मऊ. पण फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, तर ही जवळजवळ ३,००० फेरे. डिस्क आत बसली की दोन बारीक हेड चकतीच्या कडेवरून आत सरकतात, एक वरून, एक खालून. हेडना वाचता आलं नाही की ड्राइव्ह त्यांना मागे ओढून पुन्हा आत पाठवतो. त्या वेळी टिक असा आवाज होतो. एखाद-दुसरा टिक काळजीचा नाही. तो थांबेनासा झाला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. १९९८ च्या सुमाराला जगभरातल्या झिपवाल्यांना या आवाजाने धडकी भरवली होती. 'क्लिक ऑफ डेथ' हे नाव तेव्हाच पडलं. त्यावरून कंपनीविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरने त्या बिघाडाचा मुळापासून अभ्यास केला आणि ड्राइव्ह तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम फुकट वाटला. त्यातून लोकांना कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की बिघाड पसरू शकतो. वाकडं झालेलं हेड चकतीची कड फाडतं. ती फाटकी कड दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये गेली की त्याचं हेड मोडतं. मग तो ड्राइव्ह पुढची चांगली डिस्क फाडतो. चांगली डिस्क घालून ड्राइव्ह पारखायचा नसतो, आणि चांगला ड्राइव्ह वापरून संशयित डिस्क पारखायची नसते.

काका डिस्क आत सरकवतात. आम्ही सगळे पुढे झुकतो. आधी चकती वेग घेताना चढत जाणारी घरघर, मग एक मऊ टिक, मग संथ एकसुरी आवाज. पिवळा दिवा लुकलुकून विझतो. पुढे काहीच नाही.

ते हार्ड डिस्कवरचं चित्रांचं एक मोठं फोल्डर डिस्कवर टाकतात, तिथून परत हार्ड डिस्कवर वेगळ्या जागी आणतात आणि डॉसच्या खिडकीत एफसी हा आदेश देऊन दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर ताडून बघतात. एकेका फाइलसाठी उत्तर येतं, फरक नाही. डिस्क बाहेर काढतात, तिची सरकती पट्टी नखाने मागे करून चकती हळूहळू फिरवत टॉर्चखाली कड बघतात. कुठे ओरखडा नाही, कड शाबूत आहे. ड्राइव्ह निरोगी आहे, हे आता सांगता येतं.

"उघडा डबा," काका म्हणतात.

सात डिस्क सतरंजीवर ओळीने मांडल्या जातात. लेबलांवर ताईंचं बॉलपेनचं अक्षर: नांगर, कुळव, तिफण, मोट, खळं, गाडी, आणि सातवीवर नुसतं 'गुरुजी, सूची व प्रस्तावना'. झिप डिस्कला फ्लॉपीसारखी लिहिणं बंद करायची खिट्टी नसते, त्यामुळे काका विंडोजमध्ये कुठलीही फाइल डिस्कवरून थेट उघडू देणार नाहीत. आधी प्रत, मग उघडणं. पण त्याही आधी प्रत्येक डिस्कची कड. ते एकेक डिस्क उचलतात, पट्टी सरकवतात, चकती फिरवतात. चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का तेही बघतात. पुण्याच्या पावसाळ्यात कापडात गुंडाळून ठेवलेल्या कॅसेटींना बुरशी येते, ती डिस्कलाही येते. ठिपके कुठेच नाहीत. नांगर ठीक. कुळव ठीक. तिफण ठीक.

मोटेची डिस्क फिरवताना त्यांचं बोट थांबतं. ते टॉर्च जवळ आणतात, मग माझ्याकडे देतात. तपकिरी चकतीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी खाच आहे. खाचेची एक बाजू जराशी वर उचललेली. ती कधी पडली, कुठल्या ड्राइव्हमध्ये पडली, हे आता कुणी सांगू शकत नाही. डिस्क तेव्हा बऱ्याच हातांत फिरत.

काका ती बाजूला ठेवतात. बाकीच्या सहाच्या ओळीत परत ठेवत नाहीत.

सहा डिस्क एकेक करून आत जातात. दर वेळी तीच घरघर, तोच एक टिक, तोच शांत सूर, आणि दर वेळी आम्ही सगळे तो टिक ऐकेपर्यंत श्वास धरून. निळी पट्टी पडद्यावर भरत जाते. तिफणीच्या डिस्कवर एका जागी ती अडते, दिवा बराच वेळ पेटून राहतो, हेड एकदा मागे जाऊन येतं, आणि पट्टी पुढे सरकते. सगळ्या प्रती हार्ड डिस्कवर आल्या की काका मशीन बंद करून तीच हार्ड डिस्क काढतात, आयडीई-यूएसबीच्या तुकड्याने माझ्या लॅपटॉपला जोडतात आणि फाइली दोन वेगळ्या जागी उतरवून मगच ती परत बसवतात.

आता पेजमेकर. ताई खुर्चीवर बसतात. डोंगल मागे लावलेलंच आहे. 'नांगर' या फाइलवर त्या दोनदा टिचकी मारतात आणि पडद्यावर पान उघडतं. याच फाइली लॅपटॉपवर उघडून बघितल्या तर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी दिसते. विंडोज ९८ ला देवनागरीचं युनिकोड माहीत नव्हतं. त्या काळात प्रत्येक कंपनी आपल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायची, प्रत्येकीची मांडणी वेगळी. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची, आयएसएम करणारं सी-डॅकही पुण्याचं. नव्वदच्या दशकातलं मराठी छपाईचं मोठं काम अशा फॉन्टांवर झालं. म्हणून नुसती फाइल वाचवून भागत नाही, तिच्याबरोबर तो फॉन्टही वाचवावा लागतो. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास चुकतात. ते सगळं मूळ पानाशी ताडून बघावं लागेल. त्यासाठी प्रत्येक पानाचा छापील कागद ताई आजच काढून देणार आहेत.

मुलगी पडद्याजवळ येते. रुमणं, हाळीस, फाळ, जू, शिवळ. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या गावात ऐकला, कुणी सांगितला, सुताराने की नांगरणाऱ्याने. शिवळेच्या नोंदीत गुरुजींनी लिहिलंय की बाभळीची चालते, पण ज्या गावात बोरीचं लाकूड मिळतं तिथे माणसं बोरीचीच घेतात, आणि का घेतात तेही. तिफणीत चाडं आणि नळं. चाड्यातून बी सोडणाऱ्या बाईच्या मुठीचं वर्णन चार ओळींत. ती मोठ्याने वाचत नाही, ओठ हलवत वाचते. एका ठिकाणी थांबून म्हणते, "हे बाबांनी आजीला विचारलं होतं. मी तिथे होते."

ताई 'सूची' उघडतात. अनुक्रमणिकेत मोटेचं प्रकरण चौथं आहे, त्यातल्या उपशीर्षकांसकट: नाडा, सोंदूर, कणा, थारोळं, धाव. शीर्षकं आहेत, मजकूर नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल आणि वेगळी डिस्क अशी ताईंची शिस्त. या शिस्तीमुळेच बाकीची पाच वाचली आहेत. हार्ड डिस्कवर मोटेची फाइल शोधतो. नाही. जागा कमी पडली की काम झालेल्या फाइली ताई पुसून टाकत.

"घालून बघू या का?" मुलगी पुन्हा विचारते. या वेळी तिचा स्वर वेगळा आहे. "बाकीच्या तर झाल्या ना."

काका ताईंच्या कपाटाकडे बोट दाखवतात. खालच्या कप्प्यात आणखी झिप डिस्क आहेत. शाळांच्या शताब्दी स्मरणिका, बंद पडलेली नियतकालिकं, कुणाचे प्रबंध. ताईंच्या गिऱ्हाइकांपैकी बरेच आता नाहीत आणि त्यांच्या डिस्क न्यायला कुणी आलं नाही.

"हा ड्राइव्ह आज एकच चालू आहे," काका म्हणतात. "ही खाच आत गेली तर हेड कडेलाच अडकणार. ड्राइव्ह जाईल, आणि मोडलेलं हेड चकतीवर घासून तुमचं प्रकरणही घेऊन जाईल. आधी त्या कपाटातल्या सगळ्या उतरवू. मोटेसाठी दोन-तीन ड्राइव्ह हाताशी पाहिजेत, गेले तरी चालतील असे. आणि डिस्क घालण्याआधी ती कड कशी बसवायची त्याचा विचार पाहिजे. मी करतो तो. पण आज नाही."

मुलगी बराच वेळ डिस्ककडे बघते. मग तीच ती उचलते, वेगळ्या पाकिटात घालते आणि पाकिटावर पेनने लिहिते: मोट. घालू नये.

काका कॅबिनेटचा पत्रा परत लावत नाहीत. मशीन आता इथेच, टेबलावर, उघडंच राहणार आहे. ताई कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून डिस्क टेबलावर आणतात आणि काका टॉर्च घेऊन पहिलीची कड बघायला लागतात.

वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरी, छापखान्यात किंवा जुन्या ऑफिसच्या माळ्यावर असा झिप ड्राइव्ह पडून असेल, आतला असो की बाहेरचा, चालू असो की बंद, त्यांनी तो भंगारात देऊ नये. जवळच्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे द्यावा आणि कशासाठी ते सांगावं. आणि झिप डिस्क असतील तर चालतात का हे बघायला त्या कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नयेत. आधी कड बघावी, आणि ड्राइव्हमध्ये आधी रिकामी डिस्क घालावी.